लेझर फ्लोरिनेशन की आयन प्रोब?
भूशास्त्र शिकणारी भाची कोथरूडला आली आणि विचारलं, "मामा, अशनीतल्या ऑक्सिजनचे समस्थानिक (वेगवेगळ्या वजनाचे अणू) मोजायला कोणती पद्धत शिकू?"

फ्लोरिनेशनमध्ये नमुना लेझरने तापवून फ्लोरिनच्या संयुगाने त्यातला ऑक्सिजन मोकळा करतात; १-२ मिलिग्रॅम नमुना लागतो आणि तो संपतोच. त्यासाठी लागणारं ब्रोमीन पेंटाफ्लोराइड हे रसायनही जोखमीचं. पण अचूकता अशी, की पृथ्वी आणि चंद्राच्या ऑक्सिजनमधला बारीक फरक तपासता येतो.

आयन प्रोब, म्हणजे आयनांचा (विद्युतभारित अणूंचा) झोत मारून नमुना तपासणारं उपकरण, तितकी अचूक नाही, मात्र १०-१५ मायक्रोमीटरचा ठिपका मोजते. १९६९ साली मेक्सिकोत पडलेल्या आयेंदे अशनीतल्या पांढऱ्या, कॅल्शियम-अ‍ॅल्युमिनियमयुक्त कणांत ऑक्सिजन-१६ हा हलका समस्थानिक आपल्या समुद्राच्या पाण्यापेक्षा ४-५ टक्क्यांपर्यंत जास्त. त्याच कणात शेजारची खनिजं वेगळे आकडे देतात! अख्खा कण वितळवला की हा इतिहासच पुसला जातो, म्हणून मला ही पद्धत फार मोलाची वाटते.

अशनी कुठल्या कुळातली हे ठरवायचं असेल तर फ्लोरिनेशन शिक; सूर्यमालेचे पहिले घन कण वाचायचे असतील तर आयन प्रोब.