ओला टॉवेल की पाणी आणि पंखा?

उन्हाचा तडाखा बसलेल्या कुत्र्यासाठी घरात सर्वप्रथम आठवतो तो ओला टॉवेल. दुसरा मार्ग म्हणजे अंगावर थेट पाणी ओतून पंखा लावणे. कुत्र्याचे नेहमीचे तापमान साधारण ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते आणि ते ४१ अंशांच्या वर गेले की अवयवांना इजा होऊ लागते. त्यामुळे न थांबणारी धाप, चिकट लाळ, गडद लाल हिरड्या, उलटी किंवा चालताना जाणारा तोल दिसताच निवड लगेच करावी लागते.

टॉवेल सोयीचा खरा, पण पाठीवर पांघरून ठेवला की थोड्याच वेळात तो कोमट होतो आणि खालची उष्णता कोंडून धरतो. चपट्या नाकाचा पग धापेतून पुरेशी उष्णता बाहेर टाकू शकत नसल्याने त्याला ही चूक अधिकच भोवते. याउलट पोट, काखा आणि जांघा केसांच्या मुळापर्यंत भिजवून वारा दिल्यास बाष्पीभवन उष्णता ओढून घेते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हा उपाय उत्तम चालतो. मुंबईच्या दमट हवेत बाष्पीभवन मंदावते, म्हणून तेथे पाणी सतत ओतत राहावे, मात्र ते नाकातोंडात जाऊ देऊ नये. माझा कौल पाण्यालाच आहे. टॉवेल वापरायचाच असेल, तर तो भिजवून अंगाखाली अंथरावा.

तापमान ३९.५ अंशांच्या आसपास उतरल्यावर ओतणे थांबवावे आणि कुत्रा सावरलेला वाटला तरी पशुवैद्याकडे न्यावे, कारण मूत्रपिंडांची इजा उशिरा उघड होऊ शकते.