सेकंडहँड मिनी कूपर एस: नाव एक, इंजिनं चार

कूपर एसच्या जाहिरातीत वर्ष ठळक असतं, इंजिनचा कोड बहुधा नसतोच. खरी मेख तिथेच आहे.

२००२ ते २००६ चं इंजिन १.६ लिटरचं, ईटनच्या सुपरचार्जरचं (इंजिनच्याच ताकदीवर फिरून सिलिंडरमध्ये जादा हवा दाबणारा पंप). ताकद १६३ पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती), २००५ च्या मॉडेलपासून १७०. ब्लॉक बिडाचा, टायमिंग चेन, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारी साखळी, सहसा त्रास देत नाही. सुपरचार्जरच्या गिअरचं ऑइल मात्र कालांतराने आटतं आणि सर्व्हिसच्या यादीत ते नसल्यामुळे कोणी बघत नाही. वॉटर पंप याच गिअरवर फिरतो. गिअर झिजले की पंप थांबतो आणि इंजिन तापतं. पेट्रोल बऱ्यापैकी पितं, पण पाय ठेवताच मिळणारा पिकअप आणि सुपरचार्जरची ती शिट्टी नंतरच्या एकाही इंजिनात नाही.

२००७ ला टर्बो आणि डायरेक्ट इंजेक्शनचं, एन१४ या कोडचं इंजिन आलं: १७५ पीएस, टॉर्क २४० न्यूटन-मीटर. चालवायला झकास, सांभाळायला सगळ्यात महाग. हे इंजिन ऑइल खातं. डिपस्टिक महिनोन्‌महिने बघितली नाही की पातळी उतरते, चेन ताणून धरणाऱ्या टेन्शनरला ऑइलचा दाब कमी पडतो, चेन सैल होते आणि थंड इंजिन सुरू करताना डिझेलसारखी खडखड ऐकू येते. एकटा टेन्शनर बदलणं सोपं आणि स्वस्त. तो बाहेरूनच निघतो. त्यानंतरही आवाज राहिला तर चेन, प्लास्टिकचे गाइड, स्प्रॉकेट (चेनची दातेरी चाकं) आणि नवे बोल्ट असा पूर्ण संच घालावा लागतो. क्रँकच्या स्प्रॉकेटला जागेवर अडकवणारी खिट्टी (की) नसते, तो फक्त बोल्टच्या दाबावर बसतो. म्हणून शाफ्ट जागेवर धरून ठेवणारं लॉकिंग टूल न लावता बोल्ट सोडला की टायमिंग गेलंच. चेनने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात.

दुसरं दुखणं कार्बनचं. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जात असल्याने इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यावर ऑइलच्या वाफेची पुटं चढतात. थंडपणी मिसफायर (एखादा सिलिंडर नीट न पेटणं), डगमगणारं आयडलिंग ही लक्षणं. अक्रोडाच्या टरफलांचा चुरा मारून ते साफ करतात. त्या वेळी त्या सिलिंडरचे व्हॉल्व्ह बंद असायलाच हवेत. स्टार्टर बराच वेळ फिरवूनही इंजिन उशिरा पेटत असेल, तर हाय प्रेशर फ्युएल पंप तपासा.

२०११ च्या मॉडेलपासून एन१८: १८४ पीएस, व्हॅल्व्हट्रॉनिक (इनटेक व्हॉल्व्ह किती उघडायचे ते बदलणारी यंत्रणा), आणि इंजिनातली ऑइलची वाफ बाहेर काढणारं सुधारलेलं क्रँककेस व्हेंटिलेशन. कार्बन इथेही साठतो, चेनही अमर नाही, तरी एन१४ पेक्षा ही गाडी डोळे झाकून निवडावी. फक्त वर्षावरून इंजिन ओळखताना दोन अपवाद ध्यानात ठेवा. जॉन कूपर वर्क्स या जास्त ताकदीच्या मॉडेलमध्ये २०११ नंतरही काही काळ एन१४ च बसत होतं. जुन्या पिढीची कन्व्हर्टिबल (उघडणाऱ्या छपराची) २००८ पर्यंत सुपरचार्जरवरच विकली गेली.

२०१४ चं बी४८ दोन लिटरचं: १९२ पीएस, २८० न्यूटन-मीटर. रोजच्या वापराला सगळ्यात निर्धास्त, स्वभावाने जरा शहाणं. ऑइल फिल्टर हाउसिंगचं गॅस्केट पाझरतंय का ते बघा. चेन गिअरबॉक्सच्या बाजूला आहे, त्यामुळे तिचं काम निघालंच तर मजुरी भारी पडते.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा, इंजिन थंड ठेवा. बॉनेट कोमट लागलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा जा.