बंद झालेला एम की चालू असलेला आर?

कोरेगावच्या भाच्याने दिवाळीत विचारलं, "मामा, कॅननचा एम५० मिळतोय, किट लेन्ससकट. घेऊ का? की पैसे साठवून नवा आर५० घेऊ?"

एम हे कॅननचं लेन्स बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्यांचं बंद झालेलं घराणं, आर हे आजचं. मी तिथल्या तिथे उत्तर दिलं नाही. या बाबतीत मी काही तटस्थ माणूस नाही. माझ्याकडे पहिला ईओएस एम आहे, त्यावर २२ मिमीची लेन्स आहे, आणि हा ऐवज मी विकणार नाही हे आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. एम५० सुद्धा आहे. पण आपलं प्रेम दुसऱ्याच्या खिशाला परवडेलच असं नाही. म्हणून एका मित्राचा आर५० पंधरा दिवस मागून आणला आणि दोन्ही कॅमेरे बरोबर घेऊन फिरलो. त्यातून निघालेला हा हिशेब.

आधी वंशावळ, थोडक्यात. पश्चिम घाटाबरोबर साताऱ्याजवळचं आपलं कास पठार जागतिक वारशाच्या यादीत गेलं ते जुलै २०१२ मध्ये. त्याच महिन्यात कॅननने ईओएस एम जाहीर केला. मोठ्या डीएसएलआरएवढा एपीएस-सी मापाचा सेन्सर, पण आकार साबणाच्या पेटीएवढा. सुरुवातीला त्याचा फोकस इतका रेंगाळायचा की लोकांनी नावं ठेवली. पुढच्या वर्षी फर्मवेअर आलं आणि तो जरा माणसात आला. त्यानंतर बरीच मॉडेलं निघाली. त्यातला २०१८ चा एम५० आपल्याकडे घराघरांत गेला, कारण यूट्यूबवाल्यांनी तो उचलून धरला. लेन्स मात्र कॅननने एकूण आठच काढल्या. २०२२ मध्ये एमएवढ्याच सेन्सरचे आर७ आणि आर१० आले तेव्हाच काय ते समजायचं होतं. २०२३ मध्ये आर५० आला आणि त्याच वर्षी एमचं दुकान अधिकृतपणे बंद झालं. निकॉन १ आणि सॅमसंग एनएक्स ही छोट्या कॅमेऱ्यांची घराणी याच वाटेने आधीच गेली होती. त्यांचेही वेडे आहेत, पण सेकंडहँड बाजारात त्यांच्या लेन्स शोधण्यात उमर जाईल, म्हणून ते इथे सोडून देतो.

आता मुख्य भांडण. "एमच्या लेन्स आरला बसतात का?" हे मला सगळ्यात जास्त विचारलं जातं. नाही बसत. अडॅप्टर लावूनही नाही. एमच्या माउंटपासून, म्हणजे लेन्स बसते त्या कड्यापासून, सेन्सरपर्यंतचं अंतर आहे १८ मिमी आणि आरचं २० मिमी. म्हणजे एमची लेन्स आरवर नीट चालवायची तर ती बॉडीच्या आत दोन मिलिमीटर रुतवावी लागेल. पण आरच्या माउंटचं तोंड ५४ मिमीचं आणि एमची लेन्स ६१ मिमी रुंद. जाणार कशी? उलट्या बाजूनेही तेच. आरची लेन्स एमवर बसवायला मधे जागा उरते दोन मिलिमीटर. त्यात अडॅप्टरची चकती बसवून दाखवा. या दोन मिलिमीटरपायी लोकांनी अख्खी बॅग विकली. मला विचाराल तर कॅननने ही भिंत बांधली तेव्हाच जुन्या गिऱ्हाइकांचा नाद सोडला होता.

जुन्या डीएसएलआरच्या ईएफ लेन्स मात्र दोन्हीकडे चालतात, कारण त्यांना ४४ मिमी अंतर लागतं आणि अडॅप्टरला भरपूर जागा मिळते. त्या अडॅप्टरमध्ये काच नसते, नुसती पोकळ नळी आणि विजेच्या पिना, त्यामुळे फोटोचा दर्जा घटत नाही. माझी जुनी ५० मिमी एफ/१.८ मी दोन्ही कॅमेऱ्यांवर लावून पाहिली, दोन्हीकडे गुणी बाळासारखी वागली. घरात कुणाची जुनी डीएसएलआर पडून असेल तर हे आधी तपासा. अर्धा प्रश्न तिथेच सुटतो.

मग लोक एमला एवढे चिकटून का राहतात? त्याचं उत्तर मला साताऱ्यात मोती चौकाकडे एका पेढ्याच्या भट्टीवर मिळालं. सकाळी सातची वेळ, खोलीत एकच बल्ब, कढईत खवा आणि उलथनं घेऊन परतणारा कारागीर. आर५० वर १८-४५ ची किट लेन्स होती. तिचं तोंड फार तर एफ/४.५ पर्यंत उघडतं (आकडा जितका लहान, तितकं तोंड मोठं), त्यामुळे आयएसओ, म्हणजे प्रकाशाची संवेदनशीलता, ६४०० च्या खाली येईना. शिवाय व्ह्यूफाइंडरला डोळा लावला तसा कारागीर ताठ झाला, टोपी सारखी केली आणि म्हणाला, "पेपरात येणार का हो?" फोटो आला, पण तो पोज दिलेला.

दुसऱ्या दिवशी खिशातून जुना एम काढला. वर उंचवटा नाही, पुढे २२ मिमीची जेमतेम अडीच सेंटिमीटर बाहेर आलेली लेन्स. एफ/२ ला उघडली, त्याच बल्बखाली आयएसओ १६०० मध्ये भागलं. त्याने एकदा बघितलं, बहुतेक साधा डिजिटल कॅमेरा समजला, आणि पुन्हा खवा परतायला लागला. वाफेतून त्याचा हात, कढईच्या कडेला लागलेली तांबूस खरपुडी, सगळं जसंच्या तसं आलं. बाहेर पडताना मला एक कंदी पेढाही मिळाला, पण तो गुण कॅमेऱ्याचा नव्हे.

इथे एक गैरसमज काढून टाकतो. "आर म्हणजे मोठा, एम म्हणजे छोटा" असं सगळे म्हणतात. वजनाला ते खरं नाही. बॅटरी आणि कार्ड धरून आर५० भरतो ३७५ ग्रॅम, एम५० मार्क २ त्याहून बारा ग्रॅम जास्तच. आरची २८ मिमी एफ/२.८ ही पातळ लेन्स १२० ग्रॅमची, एमची २२ मिमी १०५ ची. तराजूत बरोबरी झाली. फरक पडतो तो दोन ठिकाणी. एक, २२ मिमी दुप्पट प्रकाश घेते आणि जास्त रुंद दिसतं, अरुंद बोळात हे महत्त्वाचं. दोन, एम२०० सारख्या किंवा पहिल्या एमसारख्या बॉडीला व्ह्यूफाइंडरचा उंचवटाच नाही. २२ मिमी धरून चारशे ग्रॅमच्या आसपास, जर्किनच्या खिशात सरळ जातो. अजिंक्यतारा चढताना पाठीला पिशवी नको असेल तर याला तोड नाही. आरमध्ये आता आर५० व्ही आहे, तोही सपाट माथ्याचा, पण हे लिहीपर्यंत तरी कॅननने आरसाठी एवढी छोटी एफ/२ लेन्स काढलेली नाही. सिग्माची २३ मिमी एफ/१.४ आहे आणि झकास आहे, फक्त ती लावली की खिसा विसरा.

एवढं ऐकून एम५० घ्यायला निघाला असाल तर थांबा. बैलगाड्यांच्या मैदानावर मी दोन्ही कॅमेरे नेले होते. गाड्या सुटल्या, धुरळा उठला, आणि माझ्या एम५० ने फोकस धरला तो मागच्या गर्दीतल्या एका भगव्या फेट्यावर. एम५० फोकस बदलत सेकंदाला सातेक फोटो काढतो, कागदावर वाईट नाही, पण धावणाऱ्या जित्राबाला घट्ट धरून ठेवणं त्याच्या कुवतीबाहेरचं. आर५० माणूस, प्राणी, गाडी ओळखतो, सेकंदाला बारा फोटो काढतो. पहिल्या फेरीत मला वीसेक फोटो मिळाले, त्यातले बहुतेक धारदार. रॉ वर, म्हणजे कच्च्या मोठ्या फाइलवर, ठेवलं तर मात्र याचा बफर, म्हणजे फोटो कार्डावर जाण्याआधी थांबतात ती जागा, बघता बघता भरतो. मैदानावर जेपेग ठेवा आणि बटण दाबून धरू नका. पळणारी पोरं, क्रिकेट, पक्षी, वारीतलं रिंगण, यातलं काहीही तुमच्या यादीत असेल तर चर्चा संपली. आर घ्या.

व्हिडिओचंही तसंच. एम५० वर फोर-के लावलं की चित्र इतकं कापलं जातं की फुल-फ्रेमच्या हिशेबाने एरवी ३५ मिमीसारखी दिसणारी २२ मिमी लेन्स ५६ मिमीसारखी दिसायला लागते, आणि वर चांगला फोकसही जातो. फुल एचडी ठीक आहे. आर५० पूर्ण रुंदीचं फोर-के देतो. लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्याने यावर दोन मिनिटंसुद्धा घालवू नयेत. एवढंच लक्षात ठेवावं, की आर५० च्या फ्लॅशच्या खाचेत जुन्या पद्धतीच्या पिना नाहीत. जवळचे जुने फ्लॅश लावायचे तर वेगळा अडॅप्टर लागतो आणि तो मांडवात ऐनवेळी सापडत नाही.

कासचं वेगळं. एमकडे २८ मिमीची एक मजेशीर मॅक्रो लेन्स आहे, १३० ग्रॅमची, तिच्या तोंडालाच छोटे दिवे. फूल जितकं आहे तितकं किंवा त्याहून थोडं मोठं सेन्सरवर येतं. आरच्या ३५ मिमी मॅक्रोवर ते निम्म्या आकाराचं येतं आणि ती लेन्स तीनशे ग्रॅमची. कागदावर एम जिंकला. पण सप्टेंबरात पठारावर गेलो तेव्हा कळलं की पूर्ण आकाराला फूल लेन्सपासून बोटाच्या पेरापेक्षाही जवळ लागतं, आणि तिथे पायवाट सोडून फुलांत उतरायचं नसतं. सीतेची आसवं हातभर लांब आणि मी वाटेवर ओणवा. शेवटी ५५-२०० च्या झूम लेन्सने लांबूनच सोनकीचा पिवळा गालिचा काढला आणि परत आलो. ती मॅक्रो आता परसातल्या दुर्वांवरच्या दवासाठी आहे. तिथे ती राणी आहे. तेव्हा "कासला जायचंय म्हणून मॅक्रो" असा विचार असेल तर तो कुठल्याच कॅमेऱ्यावर फारसा कामाचा नाही.

आरची लेन्सची तक्रार पूर्वी खरी होती. स्वस्तातल्या चांगल्या लेन्स नव्हत्या. २०२४ पासून सिग्मा आणि टॅमरॉनला दार उघडलं आणि चित्र बदललं. सिग्माची १८-५० एफ/२.८ एकच घेतली तरी बहुतेकांचं वर्षानुवर्षं भागेल. एमच्या बाजूने सांगायचं तर २२ मिमी, ३२ मिमी एफ/१.४ आणि ११-२२ या तीन लेन्स आजही कुणाच्या बापाला घाबरत नाहीत. चौथी घ्यायचा मोह टाळा. बंद झालेल्या घराण्यात गोतावळा वाढवायचा नसतो.

जुना घेणारच असाल तर २०१६ पासूनचीच बॉडी बघा: एम५, एम६, एम१००, एम५०, एम२००. त्याआधीच्यांचा फोकस जुन्या पद्धतीचा. मी पहिला एम वापरतो ते प्रेमापोटी, तुम्ही तो खरेदीचा सल्ला समजू नका. लेन्स घेताना मागून मोबाईलचा टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आपल्याकडचा पावसाळा म्हणजे बुरशीचं माहेर. काचेत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर किंमत निम्मी केली तरी नको म्हणा. घरी आणल्यावर सिलिका जेल घालून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. आमच्याकडे लाडवांचा डबा या कामी गेला आणि त्यावर अजून बोलणी खातो. पावसाविरुद्ध सीलबंद यातला एकही कॅमेरा नाही, एम५० नाही आणि आर५० ही नाही. ठोसेघरला धबधब्यासमोर दोघांनाही प्लॅस्टिकची पिशवीच.

बॅटरीचं विसरू नका. एम५० ची बॅटरी ८७५ एमएएचची, दुपारपर्यंत धापा टाकते. मी एका दुकानातून स्वस्तातली भलतीच बॅटरी घेतली, ती वर्षभरात फुगली आणि कॅमेऱ्यातच अडकली. चिमट्याने काढताना जीव मुठीत होता. दुकानदार म्हणाला, उन्हात ठेवली असेल. आर५० ची १०४० एमएएचची, जरा जास्त दमाची, आणि दुकानात सहज मिळणारी.

भाच्याला शेवटी एकच विचारलं: कॅमेऱ्याने पैसे मिळवायचेत की गावभर भटकायचंय? तो म्हणाला दोन्ही. मग आर५० घे म्हटलं, कारण पैशाचं काम बंद झालेल्या कॅमेऱ्यावर उभं करू नये. सुटे भाग आज मिळतील, उद्याचं कोण सांगणार? पण तो नुसताच भटक्या असता तर मी एम२०० आणि २२ मिमी सांगितली असती, बाकी काही नाही. लेन्स बदलायची नाही, पुढचं मॉडेल यायचं नाही, म्हणून बघत बसायचं नाही.

आणि ज्याचा आर५० मी मागून आणला होता तो मित्र? त्याने दोन वर्षांपूर्वी एमची अख्खी बॅग विकून तो घेतला होता. परत द्यायला गेलो तर म्हणाला, "राहू दे तुझ्याकडे अजून आठ दिवस. फक्त तुझा तो जुना एम दे, लेन्ससकट. संगम माहुलीला पहाटे जायचंय." त्याला महिना झाला.