जेवण एक नंबर, पण ते मेनूकार्ड बदला राव

जेवणाला साडेचार स्टार, मेनूकार्डाला एक. पुण्यात बाणेर साईडला झालेलं महाराष्ट्रीयन जेवणाचं हॉटेल आहे, नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण किचनमधली माणसं खरंच जीव लावून काम करतायत आणि माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच. तक्रार आहे ती तिथल्या शब्दांबद्दल.

आता कार्ड उघडलं की काय दिसतं बघा. थालीपीठ म्हणजे 'मल्टिग्रेन सॅव्हरी पॅनकेक', ठेचा म्हणजे 'फायरी ग्रीन चिली डिप', आणि 'रस्टिक ग्रॅम फ्लोर करी' नावाचा एक पदार्थ. ही करी म्हणजे पिठलं का झुणका? आमच्या आईला कोरडा, मोकळा झुणका हवा होता, तिने तोच समजून ऑर्डर दिली आणि आलं पातळ पिठलं. पिठलं छानच होतं, लसणाची फोडणी वगैरे अगदी जमलेली, पण तिला ते नको होतं ना. दोन वेगळ्या पदार्थांना दोन नावं आधीपासून आहेत, मग ती काढून असलं काहीतरी का घालायचं ज्यातून पातळ का कोरडं एवढंसुद्धा कळत नाही.

यापेक्षा वाईट वाटलं ते कटाच्या आमटीचं. तिला तिथे 'स्वीट अँड स्पायसी लेंटिल सूप' म्हणतात आणि सूप म्हटल्यामुळे ती सगळ्यात आधी येते, छोट्या बोलमध्ये, चमच्याबरोबर! अरे पुरणासाठी डाळ शिजवली की जे पाणी उरतं त्या कटाची ती आमटी, ती पोळीबरोबर नाहीतर भातावर घ्यायची असते. आमची पुरणपोळी येईपर्यंत ती गार झाली, परत गरम करून मागावी लागली. नाव चुकलं की वाढणंही चुकतं ते असं. आणि त्या पोळीचं कार्डावरचं नाव 'गिल्ट फ्री पुरणपोळी'. का? तर तूप वेगळं मागायचं म्हणून. हा गिल्ट, चीट डे, सिनफुल हे शब्द मला मनापासून खटकतात, बाजूच्या टेबलवर पण तेच चाललं होतं, एक मुलगी आनंदाने दुसरी पोळी घेत होती तर तिची मैत्रीण लगेच 'आज चीट का?' होळीला घरोघरी जी पोळी नैवेद्याला होते ती खाताना कोणी अपराधी का वाटून घ्यावं? मऊसूत पोळी होती, पुरण कडेपर्यंत गेलेलं, जायफळ नेमकं. तूप मागितलं की लगेच देतात, मागाच.

गोडा मसाल्याची भरली वांगी घ्या, नाव 'आज्जीज सिक्रेट करी'. धणे, सुकं खोबरं, तीळ, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, यात सिक्रेट काय आहे, घरोघरी डबा असतो. उलट हे घटकच कार्डावर लिहा ना, ज्याला माहीत नाही त्याला कळेल तरी.

आणि भिंतीवर मोठ्या अक्षरात 'आम्ही प्रेमाने जेवण बनवतो'. हे बनवणं हल्ली सगळीकडे आलंय, रेसिपीच्या व्हिडिओत तर चहा बनवा, भात बनवा, भाकरी बनवा. अहो आपल्याकडे स्वयंपाक करतात, भात लावतात, चहा टाकतात, पोळ्या लाटतात, भाकरी थापतात, लाडू वळतात, चकल्या पाडतात, कुरडया घालतात, दही विरजतात, लोणचं घालतात. थापणं म्हटलं की हाताचा आवाज ऐकू येतो, वळणं म्हटलं की तूप लागलेला तळवा दिसतो, बनवणं म्हटलं की काहीच दिसत नाही. पोळी का चपाती असल्या वादात मला पडायचंच नाही, ज्याच्या घरी जो शब्द तो बरोबर. इंग्रजीवर पण राग नाही, बटाटा, काजू, पाव हे शब्द पोर्तुगीजांकडूनच आले आणि आपले झाले कारण ते एका खऱ्या वस्तूचं नाव होते. 'ऑथेंटिक', 'रस्टिक', 'सोलफुल' हे कशाचं नाव आहे सांगा.

या 'ऑथेंटिक' बद्दल एक गोष्ट, एफएसएसएआय या अन्नसुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या 2018 च्या जाहिरात आणि दाव्यांच्या नियमांमध्ये नॅचरल, फ्रेश, ट्रॅडिशनल, ऑथेंटिक अशा शब्दांच्या वापरावर अटी आहेत. म्हणजे हे शब्द लोकांची दिशाभूल करू शकतात हे सरकारलाही पटलेलं आहे. इथे कार्डाच्या प्रत्येक पानावर ऑथेंटिक.

सर्व्हिसचं कौतुक करायलाच हवं. वाढणारा मुलगा आधी पाठ केल्यासारखं 'सर, हाऊ इज द टेस्ट एक्सपिरियन्स' म्हणाला, मी त्याला विचारलं दादा हे 'स्मोकी एगप्लांट मॅश' काय आहे, तर त्याचा चेहराच खुलला. 'साहेब भरीत आहे, आमच्या खानदेशातलं. जळगावची वांगी येतात, मोठी, हिरवी. भाजून लाकडी बडगीत ठेचतो, मिरची लसूण, वरून कांद्याची पात आणि दाणे. कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या पिठाच्या पुरीबरोबर घ्या.' दोन मिनिटात मला भूक लागेल असं सांगितलं त्याने. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 साली जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, इतकी नावाजलेली गोष्ट तुमच्या किचनमध्ये येते आणि कार्डावर जळगावचं नाव नाही, भरीत हा शब्द नाही, याचं खरंच वाईट वाटतं. भरीत अप्रतिम होतं, धुराचा वास आतपर्यंत, तेल अंगावर येत नाही.

मालकांना बिल देताना हे सगळं सांगितलं, ते म्हणाले बाहेरचे कस्टमर असतात त्यांना कळायला हवं. मान्य आहे. मग मोठं 'भरीत' लिहा आणि खाली एका ओळीत सांगा कशाचं, कसं केलेलं, तिखट किती. या मुलाने मला सांगितलं तेच छापा.

अनलिमिटेड थाळी साडेचारशेला आहे, वर्थ आहे, भाकरी गरम येत राहते. काय घ्यायचं तर भरीत आणि कळण्याची पुरी, भरली वांगी, पुरणपोळी. आमटी पोळीबरोबरच आणा असं आधी सांगून ठेवा. 'व्हेज कोल्हापुरी' घेऊ नका, लाल रंगाची नेहमीची ग्रेव्ही आहे, कांदा-लसूण मसाल्याचा पत्ता नाही. रविवारी दुपारी वेटिंग असतं आणि पार्किंग समोरच्या गल्लीत करावं लागतं.