टाळूची आग होते, म्हणून औषध लागू पडतंय असं समजू नका

केसांच्या तेलात फसलेल्यांचा अनुभव बहुतेक वेळा एकाच वळणाने जातो. जबर ताप, शस्त्रक्रिया किंवा बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी केस मुठीने गळायला लागतात. घाबरलेला माणूस ‘शंभर टक्के वनौषधी’ लिहिलेली बाटली आणतो. पुढे गळती थांबते, श्रेय बाटलीला मिळतं आणि तो आणखी चौघांना तीच सुचवतो. अशी गळती बहुतेकांची सहा महिन्यांत आपोआप आटोक्यात येते, आणि ‘तीन महिन्यांचा कोर्स’ नेमका त्याच काळात बसवलेला असतो.

इथे निदान पैसेच जातात. त्याहून घातक प्रकार म्हणजे लेबलवर न लिहिता मिसळलेलं स्टेरॉइड. क्लोबेटासॉलसारखं तीव्र स्टेरॉइड खाज आणि कोंडा काही दिवसांत शमवतं, त्यामुळे तेल रामबाण वाटतं. महिनोन्‌महिने लावलं की कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, कपाळाच्या कडेला पुटकुळ्या येतात. तेल बंद केलं की खाज दुप्पट जोराने परतते आणि माणूस पुन्हा तीच बाटली मागवतो.

मिनॉक्सिडिल हे केस वाढवण्यासाठी टाळूला लावायचं खरं औषध, पण त्याच्या नावावरही भरपूर खपवलं जातं. त्याची प्रमाणित द्रावणं 2 आणि 5 टक्क्यांची असतात. 5 टक्क्यांचं द्रावण पुरुषांनी साधारणपणे 1 मिली, दिवसातून दोनदा, कोरड्या टाळूवर लावायचं असतं. सुरुवातीचे काही आठवडे गळती वाढू शकते, फरक दिसायला चारेक महिने लागतात आणि सोडलं की वाढलेले केस काही महिन्यांत जातात. ‘पंधरा दिवसांत कायमचे केस’ म्हणणारा खोटंच बोलतोय. हे औषध अल्कोहोल आणि प्रोपिलीन ग्लायकॉलमध्ये विरघळतं, पाण्यात थोडं, तेलात जवळजवळ नाहीच. म्हणून ‘मिनॉक्सिडिलयुक्त तेल’ या दाव्यावर शंका घ्यावी. 10-15 टक्क्यांच्या बाटलीत तळाशी पांढरे कण बसले असतील, तर प्रत्येक थेंबात औषध वेगवेगळं जातं. धडधड, चक्कर, चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज आली तर लगेच थांबून डॉक्टरांना दाखवा. घरात मांजर असेल तर बाटली आणि ओलं डोकं तिच्यापासून लांब ठेवा. थोडंसं मिनॉक्सिडिलही तिच्या जिवावर बेतू शकतं.

आता त्या आगीबद्दल. विक्रेते म्हणतात, ‘मुळं जागी होतायत.’ मेंथॉलचा गारवा आणि मिरचीच्या अर्काची जळजळ हा फक्त संवेदनातंतूंवरचा परिणाम आहे, त्यावरून केस उगवण्याबद्दल काहीच कळत नाही. लावल्यावर लगेच किंवा काही तासांत, लावलेल्या जागीच चुरचुर झाली तर तो बहुधा क्षोभ, म्हणजे ॲलर्जी नसलेली नुसती जळजळ. एक-दोन दिवसांनी खाज सुटून पुरळ कपाळ, कान, पापण्या, मानेपर्यंत उतरलं तर ॲलर्जीची शक्यता जास्त. मिनॉक्सिडिलच्या द्रावणात दोष बऱ्याचदा प्रोपिलीन ग्लायकॉलचा असतो. ते नसलेला फोम अशांना चालू शकतो. ॲलर्जी मूळ औषधाचीच असेल तर फोमनेही तेच होणार. हा फरक त्वचारोगतज्ज्ञांच्या पॅच टेस्टने, म्हणजे संशयित पदार्थ कातडीवर चिकटवून केलेल्या ॲलर्जीच्या चाचणीने कळतो.

नवीन उत्पादन थेट डोक्यावर ओतू नका. कोपराच्या आतल्या बाजूला नाण्याएवढ्या जागेत दिवसातून दोनदा, सात दिवस लावून पाहा. मात्र स्टेरॉइड असलेली बाटली या चाचणीतून सहज सुटते, कारण ते पुरळच दाबून टाकतं. म्हणून संपूर्ण घटक-यादी, बॅच क्रमांक, उत्पादकाचा पत्ता यांतली एक जरी गोष्ट नसेल तर ती बाटली घेऊच नका.

पुरळ आलंच तर सौम्य शाम्पूने टाळू धुवा आणि काहीही नवीन लावू नका. चेहरा सुजला किंवा श्वास घ्यायला त्रास झाला तर थेट रुग्णालय गाठा. बाटली, खोका आणि बिल रागाने फेकू नका. पॅच टेस्टला तेच तेल लागतं, आणि तक्रारीलाही.