युगांडातली संशोधन परवानगी: वेळ लागतो, पण काम चोख

म्बरारा भागात बाळंतपणाच्या सोयींवर आमच्या गटाचं काम चालतं. त्यासाठी युगांडाच्या राष्ट्रीय विज्ञान व तंत्रज्ञान परिषदेची नोंदणी घेतली. कार्यालय कंपालाच्या न्टिंडा भागात, अर्ज मात्र ऑनलाइन. आधी मान्यताप्राप्त नीतिसमितीची (संशोधनात भाग घेणाऱ्यांचं हित जपलं जातंय ना, हे तपासणाऱ्या समितीची) मंजुरी, मगच परिषद. आम्ही म्बरारा विद्यापीठाच्या समितीकडे गेलो. औषधाची चाचणी असेल तर राष्ट्रीय औषध प्राधिकरणाची परवानगीही लागते.

मला सगळ्यात भावली ती परिषदेची 2014 ची मार्गदर्शक तत्त्वं. 18 पेक्षा लहान, पण गरोदर किंवा आई झालेली मुलगी तिथे स्वतःची संमती स्वतः देऊ शकते. सासूसमोर मान खाली घालून बसणाऱ्या मुली आमच्याशी एकट्याने, मोकळेपणी बोलल्या, त्या या एका तरतुदीमुळे. असा नियम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर वाटतो. संमतीपत्र रुन्यानकोले या तिथल्या भाषेत करून घ्यायलाही कुरकुर करू नका. बाईला कळलं नाही तर सहीला काय अर्थ?

परदेशातून येणार असाल तर आधी स्थानिक संस्थेशी संलग्न व्हा. नीतिसमिती आणि परिषद हे दोन्ही टप्पे एकामागून एक होतात, तेव्हा अनुदानाच्या वेळापत्रकात ही मुदत सुरुवातीलाच धरा.