सुपर निन्टेन्डो हाती आला: सुटी कार्ट्रिज, डबाबंद संच, जपानी आवृत्ती की फ्लॅश कार्ट्रिज?

जुना सुपर निन्टेन्डो, म्हणजे निन्टेन्डोचा टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल, मिळाला की नावाजलेले दहा गेम्स एका दमात मागवावेसे वाटतात. तेवढा धीर धरा. या कन्सोलसाठी गेम्स मिळवण्याच्या वाटा चार: सुटी कार्ट्रिज, डबा-पुस्तिकेसह पूर्ण संच, सुपर फॅमिकॉमची (याच कन्सोलच्या जपानी आवृत्तीची) कार्ट्रिज आणि फ्लॅश कार्ट्रिज, म्हणजे मेमरी कार्डावरच्या फाइल्समधून गेम्स चालवणारी कार्ट्रिज. आमचं मत आधीच सांगून टाकतो. ज्यात वाचायचं काही नसतं असे गेम्स जपानी घ्यावेत, कथेचे गेम्स समजणाऱ्या भाषेतले सुटे घ्यावेत, आणि डब्याच्या मागे पहिल्या वर्षी लागू नये. फ्लॅश कार्ट्रिज संग्रहाची जागा घेत नाही, पण संग्रहात काय नको ते तिच्यामुळे फार लवकर कळतं.

आधी कन्सोल कुठला ते बघा

सुपर फॅमिकॉम जपानमध्ये १९९० साली आला, अमेरिकेत सुपर निन्टेन्डो १९९१ मध्ये आणि युरोपात १९९२ मध्ये. जपानी आणि अमेरिकी यंत्रं आतून जवळपास सारखीच आहेत. दोन्ही ६० हर्ट्झवर चालतात आणि दोन्हींतली लॉकआउट चिप (परक्या प्रदेशातले गेम्स अडवणारी) एकमेकींचे गेम्स स्वीकारते. फरक प्लास्टिकचा आहे. अमेरिकी यंत्राच्या स्लॉटमध्ये मागच्या बाजूला दोन छोटे उंचवटे असतात, त्यांना अडून जपानी कार्ट्रिज आत उतरत नाही. ते बारीक नाकाच्या पकडीने मोडले किंवा कापून काढले की काम झालं. इलेक्ट्रॉनिक्सला हात लावावा लागत नाही. मात्र कापताना उडणारे प्लास्टिकचे तुकडे स्लॉटच्या पिनांमध्ये जाऊ देऊ नका. आधी वरचं कवच काढून घ्यावं, हे बरं. उलट बाजूने, म्हणजे अमेरिकी चौकोनी कार्ट्रिज जपानी यंत्रात, अडॅप्टरशिवाय बसत नाही.

युरोपचा पाल (तिथल्या टीव्ही पद्धतीचं नाव) कन्सोल वेगळा. त्याची लॉकआउट चिप बाहेरचे गेम्स नाकारते आणि यंत्र ५० हर्ट्झवर चालतं. त्यामुळे ज्या गेमची गती मुद्दाम जुळवून घेतलेली नाही तो सुमारे सहाव्या हिश्शाने मंद चालतो, वर-खाली काळ्या पट्ट्या दिसतात. इथेच नवखे फसतात, कारण पाल कार्ट्रिज आणि जपानी कार्ट्रिज यांचा आकार एकच आहे. जपानी यंत्रात पाल कार्ट्रिज छान बसते, पण गेम सुरू होत नाही. म्हणून आकारावर न जाता लेबलावरचा कोड वाचा: एसएचव्हीसी म्हणजे जपान, एसएनएस म्हणजे अमेरिका, एसएनएसपी म्हणजे पाल. विक्रेत्याने दिलेल्या फोटोत कोड वाचता येत नसेल तर दुसरा फोटो मागावा.

आणखी एक गोष्ट, गेम्सची नसली तरी महत्त्वाची. जपानी सुपर फॅमिकॉमला १० व्होल्ट डीसी, ८५० मिलिॲम्पिअर आणि मधली पिन ऋण असलेला अडॅप्टर लागतो. अमेरिकी एनईएसचा (निन्टेन्डोच्या आधीच्या कन्सोलचा) अडॅप्टर ९ व्होल्ट एसी देतो आणि त्याची पिन याच भोकात बसते. तो लावल्यास निदान फ्यूज तरी जातोच.

सुटी कार्ट्रिज: खेळायचं असेल तर हीच मुख्य वाट

डबा नाही, पुस्तिका नाही, फक्त गेम. सुपर मारिओ वर्ल्डसारखे गेम्स कन्सोलसोबतच दिले जायचे, त्यामुळे त्यांच्या सुट्या कार्ट्रिज आजही भरपूर फिरतात. ‘प्लेयर्स चॉइस’ छापाच्या पुनरावृत्त्या संग्राहकांना कमी आवडतात. आतला गेम तोच असतो, म्हणून खेळणाऱ्याने त्याच आधी बघाव्यात. सुट्या कार्ट्रिजमध्ये तीन गोष्टी तपासायच्या: अस्सलपणा, बॅटरी आणि पिना.

अस्सलपणापासून सुरू करू. अर्थबाउंड, क्रोनो ट्रिगर यांसारख्या मागणीच्या गेम्सच्या नकली प्रती मोठ्या संख्येने विकल्या जातात आणि त्यांची लेबलं आता इतकी चांगली छापतात की बाहेरून ओळखण्याचा भरवसा नाही. बोर्डाचा फोटो मागा. कार्ट्रिज उघडायला ३.८ मिलिमीटरचा गेमबिट (निन्टेन्डोच्या खास स्क्रूंसाठीचं स्क्रूड्रायव्हरचं टोक) लागतो, स्क्रू दोनच असतात. (कन्सोलचे स्क्रू ४.५ मिलिमीटरचे. दोन्ही बिट एकदमच घ्या.) अस्सल बोर्डावर निन्टेन्डोचं नाव, वर्ष आणि एसएचव्हीसीने सुरू होणारा बोर्डाचा क्रमांक छापलेला असतो. बोर्ड अमेरिकी कार्ट्रिजमधला असला तरी हा क्रमांक एसएचव्हीसीचाच असतो, त्यामुळे घाबरू नका. रॉम चिपवर (जिच्यात गेम साठवलेला असतो) गेमचा कोड असतो आणि तो लेबलावरच्या कोडशी जुळला पाहिजे. काळा गोल थेंब टाकून झाकलेली चिप, हाताने ओढलेल्या बारीक तारा, किंवा बोर्डाची धारदार, उतार न दिलेली कड दिसली तर ती प्रत नकली.

नकली घेतली तर बिघडतं काय? एक तर अनेक स्वस्त प्रतींमध्ये ३.३ व्होल्टची फ्लॅश चिप थेट कन्सोलच्या ५ व्होल्टवर जोडलेली असते. ती तापते आणि कन्सोलच्या चिपांवरही ताण येतो. दुसरं, काही गेम्समध्ये नक्कल ओळखण्याची व्यवस्था आहे. अर्थबाउंड कार्ट्रिजवरची सेव्ह मेमरी तपासतो. ती अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली आणि नक्कल करणाऱ्याने ही तपासणी नीट काढलेली नसली, तर शत्रूंची संख्या वाढवतो आणि अखेरच्या लढाईत अडकून सगळे सेव्ह पुसून टाकतो. म्हणजे दोष कळतो तो कित्येक तासांच्या खेळानंतर.

बॅटरी हा दुसरा मुद्दा. ज्या गेममध्ये सेव्ह आहे त्यात बहुधा सीआर२०३२ बटण बॅटरी असते आणि ती आता तीस वर्षं जुनी आहे. ‘चालू आहे’ या विक्रेत्याच्या शब्दाचा अर्थ बरेचदा टायटल स्क्रीन दिसते एवढाच असतो. घरी आल्यावर सेव्ह करा, कन्सोल बंद करा, कार्ट्रिज काढून रात्रभर ठेवा आणि मग बघा. मल्टिमीटर असेल तर थेट मोजा: नवी बॅटरी ३ व्होल्टच्या थोडी वर दाखवते, २.५ च्या खाली गेलेली बदलायला घ्यावी. बदलण्यासाठी पत्र्याच्या पट्ट्या आधीच जोडलेली बॅटरी विकत मिळते, तीच आणा. धनबाजू कुठे आहे त्याचा फोटो काढा, जुन्या पट्ट्यांचं सोल्डर वितळवून काढा, भोकं साफ करा, नवी बसवा. साध्या बॅटरीवर थेट सोल्डरिंग आयर्न टेकवू नका, उष्णतेने ती फुगते किंवा फुटते. चिकटपट्टीने बांधलेली बॅटरी दिसली तर कार्ट्रिज चांगली असली तरी ते काम पुन्हा करावं लागेल. हलकासा धक्का लागून जोड सुटतो आणि सेव्ह जातो. बॅटरी काढली की जुने सेव्ह जातातच. ते हवे असतील तर आधी कार्ट्रिज रीडरने उतरवून घ्यावेत. मेगा मॅन एक्ससारख्या पासवर्डच्या गेम्सना ही कटकट नाही. सोल्डरिंगशी ओळख नसेल तर सुरुवात अशाच गेम्सपासून करा.

पिना साफ करायला ९१ टक्क्यांच्या वरचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्या. काडी काळी निघायची थांबेपर्यंत घासा, पाच-दहा मिनिटं वाळू द्या. फुंकर मारू नका. तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजतात. एक खूण लक्षात ठेवण्यासारखी: सुपर निन्टेन्डोच्या स्लॉटला ६२ पिना आहेत, पण साधे गेम्स मधल्या ४६ च वापरतात. कडेच्या ८-८ पिना स्टार फॉक्ससारख्या, कार्ट्रिजमध्ये जादा चिप असलेल्या गेम्सपैकी बहुतेकांना लागतात. बाकी सगळं चालतंय आणि फक्त असेच गेम्स काळी स्क्रीन दाखवताहेत, तर कार्ट्रिजला दोष देण्याआधी स्लॉटच्या दोन्ही कडा साफ करा. वर्षानुवर्षं न वापरल्याने त्या पिनांवर थर चढलेला असतो.

डब्यासकट संच: शोभा खरी, पण घाई नको

सुपर निन्टेन्डोचे डबे पुठ्ठ्याचे होते. मुलांनी ते फाडले, पालकांनी फेकले. म्हणून सुट्या कार्ट्रिजच्या आणि पूर्ण संचाच्या भावात फार मोठी दरी असते आणि ती दरी सगळी कागदाची असते. ‘पूर्ण’ म्हणजे काय हे विक्रेता आपल्या सोयीने ठरवतो. डबा, आतला पुठ्ठ्याचा ट्रे, पुस्तिका, असल्यास नकाशा किंवा पोस्टर, यातलं काय आहे ते एकेक करून विचारा. अमेरिकेतला अर्थबाउंड १९९५ मध्ये गाइडबुक घातलेल्या मोठ्या डब्यात आला होता, म्हणजे त्याच्या बाबतीत ‘पूर्ण’ची यादी आणखी लांबते. नकली डबेही छापले जातात. भिंगाखाली छपाईचे ठिपके बघा, मग शंका आलेल्या डब्याशेजारी त्याच काळातला खात्रीचा डबा ठेवून अक्षरांच्या कडा ताडून पाहा.

हे गणित कन्सोलप्रमाणे बदलतं. सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलचे बरेच गेम्स जाड प्लास्टिकच्या डब्यात येत, त्यामुळे तिथे डबे टिकले आणि डब्यासह संग्रह करणं त्या मानाने सोपं आहे. शेल्फवर रांग लावायचीच हौस असेल तर मेगा ड्राइव्हवर ती भागते. सुपर निन्टेन्डोवर तो छंद महागडा आहे.

जपानी कार्ट्रिज: सर्वात कमी ओळखलेली वाट

सुपर फॅमिकॉमसाठी चौदाशेहून अधिक गेम्स निघाले, म्हणजे अमेरिकेतल्या यादीच्या जवळपास दुप्पट. लोकप्रिय गेम्सच्या जपानी कार्ट्रिज साधारणपणे अमेरिकी कार्ट्रिजपेक्षा बऱ्याच स्वस्त मिळतात. एफ-झीरो, कॉन्ट्रा, डाँकी काँग कंट्री (जपानमध्ये सुपर डाँकी काँग), स्ट्रीट फायटर २ यांत वाचायचं जवळजवळ काहीच नाही. सुपर मेट्रॉइडच्या जपानी कार्ट्रिजमध्ये तर मजकूर इंग्रजीत आहेच. सुपर बॉम्बरमॅन ४ आणि ५ फक्त जपानमध्येच निघाले. मल्टिटॅप (जादा कंट्रोलर जोडायचं उपकरण) असेल तर मित्रमंडळींसाठी यांच्याइतकी चांगली खरेदी या कन्सोलवर शोधून सापडायची नाही.

कथेच्या गेम्सना हा न्याय लागू नाही. जपानी क्रोनो ट्रिगर जपानी न येणाऱ्याच्या हातात अर्ध्या तासात कंटाळवाणा होतो. क्रमांकांचाही घोळ आहे: अमेरिकेत फायनल फँटसी ३ म्हणून विकलेला गेम जपानचा ६ वा आहे आणि अमेरिकेतला २ म्हणजे जपानचा ४ था. नुसत्या आकड्यावर ऑर्डर दिली तर भलताच गेम घरी येतो, कदाचित फॅमिकॉमचा (जपानी एनईएसचा), जो या यंत्रात बसतही नाही.

पाल यंत्र असेल तर ही वाट सरळ नाही. अडॅप्टर किंवा सुपरसीआयसीसारखी चिप-बदली लागते, आणि उशिरा आलेले काही गेम्स ५० हर्ट्झ ओळखून स्वतःच थांबतात.

फ्लॅश कार्ट्रिज

एकाच कार्ट्रिजमध्ये मेमरी कार्ड घालून त्यावरच्या फाइल्स मूळ कन्सोलवर चालवायच्या, अशी ही सोय. यात मोठा फरक आहे तो जादा चिपांचा. साध्या फ्लॅश कार्ट्रिज सुपर एफएक्स (स्टार फॉक्स, योशीज आयलंड) किंवा एसए-१ (सुपर मारिओ आरपीजी, किर्बी सुपर स्टार) असलेले गेम्स चालवत नाहीत. एफएक्सपॅक प्रो ही फ्लॅश कार्ट्रिज त्या चिपा एफपीजीएवर (हवी तशी रचता येणाऱ्या चिपवर) उभ्या करते, म्हणून ती महाग. घेण्याआधी आवडीच्या गेम्समध्ये अशी चिप आहे का ते बघा. नसेल तर साधी पुरते. काही मॉडेल्समध्ये सेव्ह मेमरी कार्डावर उतरायला कन्सोल बंद करण्याआधी रीसेट दाबावं लागतं. हे न वाचल्यामुळे गेलेले सेव्ह ही नेहमीची तक्रार आहे. कार्ड एफएटी३२ मध्ये फॉरमॅट करा. फाइल्सबद्दल एवढंच: जुने गेम्स कालबाह्य झाले म्हणून त्यांचे हक्क संपत नाहीत. स्वतःच्या कार्ट्रिजवरून उतरवलेली प्रत कायद्याने चालते का हे देशागणिक बदलतं. स्वतंत्र निर्माते या कन्सोलसाठी नवे गेम्स आजही करतात, त्यांच्याबाबत हा प्रश्न येत नाही.

मग कोणी काय घ्यावं

लहानपणी खेळलेले पाच-सहा गेम्स परत हवेत, एवढंच असेल तर सरळ सुट्या कार्ट्रिज घ्या, फ्लॅशच्या फंदात पडू नका. हा कन्सोल पहिल्यांदाच हातात घेणाऱ्याने मात्र फ्लॅश कार्ट्रिज आधी घ्यावी, निदान काही दिवस कुणाकडून तरी मागून आणावी. गाजलेले सगळेच गेम्स आपल्याला आवडतात असं नाही, आणि हे कळायला प्रत्येक कार्ट्रिज विकत घेणं परवडत नाही. दोनचार जण मिळून खेळणारं घर असेल तर जपानी कार्ट्रिज आणि एक मल्टिटॅप.

एकगठ्ठा लॉट स्वस्त दिसतात, पण त्यांत जुन्या क्रीडा-गेम्सचा भरणा असतो आणि ते परत विकले जात नाहीत. लॉटमधल्या ज्या कार्ट्रिज खरोखर हव्या आहेत त्यांची सुटी किंमत जोडा. ती बेरीज लॉटच्या किमतीच्या खाली आली तर लॉट सोडून द्या. सगळेच गेम्स जमवायचे असा संकल्प असेल तर त्यासाठी सुपर निन्टेन्डो चुकीचा कन्सोल आहे. निन्टेन्डोच्याच व्हर्च्युअल बॉय या कन्सोलवर जगभरात मिळून २२ गेम्स निघाले, तिथे तो पुरा होऊ शकतो, फक्त ते यंत्र डोळ्यांना सोसलं पाहिजे.